रेसच्या दिवशी पॅडॉकमध्ये हरवू नये म्हणून

ट्रॅकवर वाट चुकायला फारसा वाव नसतो. रस्ता एकच, दिशा एकच, आणि ठरावीक अंतरावर झेंडे घेऊन माणसं उभी. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या संघांच्या तळावर, मात्र ट्रेलर, तंबू, जनरेटर, टायरांच्या ढकलगाड्या आणि सारख्याच दिसणाऱ्या दारांची गर्दी असते. नवख्या स्पर्धकाचं क्वालिफाइंग (शर्यतीच्या सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र) बुडतं ते पुष्कळदा इथेच. गाडी ठणठणीत असते, ड्रायव्हर तयार असतो, पण हेल्मेटवर तपासणीचं स्टिकर नसतं, किंवा असेंब्ली एरियाचं, म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधी गाड्या रांगेत लावतात त्या जागेचं, फाटक दोन मिनिटांपूर्वी बंद झालेलं असतं.

म्हणून पॅडॉकचा नकाशा डोक्यात बसवताना प्रत्येक जागेला एक वेळ चिकटवायची. साइन-ऑनची (कागदपत्रं दाखवून हजेरीची सही करायची) खोली कुठे आहे हे समजलं की निम्मं काम झालं. ती किती वाजता बंद होते, हे उरलेलं निम्मं. पुढचं सगळं बंद सर्किटवरच्या मोटारींच्या शर्यतींबद्दल आहे. कार्टिंग आणि मोटरसायकलच्या पॅडॉकची मांडणी अशीच असते, पण तिथले पोशाखाचे आणि तपासणीचे नियम वेगळे असतात.

घरूनच करायचं काम

स्पर्धेची पूरक नियमावली, अंतिम सूचना, वेळापत्रक, प्रवेशिकांची यादी आणि पॅडॉकचा आराखडा, हे पाचही कागद छापून घ्या. फोनमध्ये असले तरी छापा. सर्किटवर हजारो माणसं जमली की नेटवर्क रखडतं, आणि ग्लव्हज घालून पडद्यावर वेळापत्रक शोधणं हा छळ आहे. यादीत आपलं नाव, वर्ग, गाडीचा क्रमांक आणि ट्रान्सपाँडरचा (गाडीच्या फेऱ्यांची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक बरोबर छापलाय का ते बघा. चूक आदल्या दिवशी ईमेलवर दोन ओळींत सुधारता येते. रेसच्या सकाळी त्याच कामासाठी तीन खिडक्या फिरायला लागतात.

आराखड्यावर लाल पेनने सात ठिकाणी खुणा करा: साइन-ऑन, तांत्रिक तपासणी, ब्रीफिंगची (ड्रायव्हरांना सूचना देण्याची) खोली, असेंब्ली एरिया, पिट लेनचं (गॅरेजांसमोरून ट्रॅकला जोडणाऱ्या रस्त्याचं) प्रवेशद्वार, पार्क फर्मे (सत्रानंतर गाड्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवतात ती बंदिस्त जागा) आणि वैद्यकीय केंद्र. प्रत्येकापुढे वेळापत्रकातली वेळ लिहा. पार्क फर्मे आराखड्यावर नसेल तर ती गोष्ट ब्रीफिंगमध्ये विचारायची, म्हणून बाजूला प्रश्नचिन्ह टाका.

फाटकातून आत, आणि जागा

फाटकावर गाडीचा पास काचेवर आणि माणसांचे पास मनगटावर किंवा गळ्यात तयार ठेवा. पास पाठीमागच्या ट्रेलरमध्ये, टूलबॉक्सखाली, जॅकेटच्या खिशात असले की मागच्या रांगेचा सगळा राग तुमच्या वाट्याला येतो.

जागा ठरवून दिलेली असेल तर तिथेच उभं राहा. ‘शेजारची मोकळी दिसली’ म्हणून तिथे तंबू ठोकणाऱ्याला तासाभरात सगळं उचलायला लागतं. निवड करता येत असेल तर सपाट जागा पाहा. उतारावर जॅकवर चढवलेली गाडी धोकादायक असतेच, शिवाय तिथे टायरांचे कोन किंवा गाडीची उंची मोजण्यात अर्थ नसतो. पाण्याचा नळ जवळ असणं सोयीचं. स्वच्छतागृहाच्या अगदी शेजारची जागा मात्र टाळा, दिवसभर माणसं तुमच्या अवजारांवरून चालत जातील. गाडी अशी लावा की तोंड बाहेरच्या वाटेकडे असेल आणि ढकलल्याशिवाय निघता येईल. रिव्हर्स गियर रुसला की याचं महत्त्व कळतं.

डांबरात खुंट्या ठोकायला बहुतेक सर्किटवर बंदी असते. तंबूच्या प्रत्येक पायाला वजन बांधा. पाण्याचा वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, एवढं प्रत्येक पायाला किमान हवंच. तंबू उडतो तेव्हा तो शेजाऱ्याच्या गाडीवर पडतो.

विजेचं एक. बहुतेक सर्किटवर निळा, तीन पिनांचा, १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट असतो. त्याचा जोड घरच्या प्लगला बसत नाही, म्हणून कन्व्हर्टरची वायर आपली न्यावी. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडल्याशिवाय टायर वॉर्मर किंवा हीटरसारखं काहीही जड लावू नका. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, आतले थर तापत जातात, इन्सुलेशन वितळतं आणि रीळ एकजीव होऊन बसतं. रीळ हाताला कोमट लागलं तर तेवढा इशारा पुरे.

गाडीखाली ताडपत्री आणि तेलासाठी ट्रे टाका. जवळ अग्निशामक ठेवा, तोही तंबूच्या दर्शनी पायाशी. सामानाखाली दबलेला अग्निशामक नसल्यासारखाच.

सामान उतरवण्याआधी एक फेरी, पायी

गाडी ट्रेलरवरच राहू द्या आणि आराखडा घेऊन सगळ्या खुणा केलेल्या जागी चालत जा. घड्याळ लावा. आपल्या जागेपासून असेंब्ली एरियापर्यंत चालत चार मिनिटं लागली, तर गाडीने एक मिनिट लागेल असं समजू नका. सत्र सुटताना आणि भरताना पॅडॉकच्या त्याच गल्लीत तीस गाड्या, सायकली आणि पाहुणे असतात. चालण्याच्या वेळेची दुप्पट धरा.

या फेरीत तीन गोष्टी मुद्दाम बघायच्या. असेंब्ली एरियाला आत जाणारं फाटक एकच आहे की दोन. गाड्या परत येतात तो मार्ग जाण्याच्या मार्गाला कुठे छेद देतो. आणि अधिकृत सूचनाफलक कुठे आहे. हल्ली बऱ्याच स्पर्धांत तो डिजिटल असतो, मग त्याचा पत्ता फोनमध्ये उघडून ठेवा. नियमाच्या दृष्टीने फलकावर लागलेली सूचना तुम्ही वाचली असंच धरलं जातं. ‘मला कुणी सांगितलं नाही’ हे उत्तर कोणताही स्टुअर्ड (नियमभंगावर निर्णय देणारा अधिकारी) ऐकून घेत नाही.

शक्य असेल तर पिट लेन रिकामी असताना पिट वॉलपर्यंत, म्हणजे ती लेन आणि ट्रॅक यांच्यामधल्या भिंतीपर्यंत, जाऊन या. वेगमर्यादेची रेघ कुठे सुरू होते, कुठे संपते, तुमचा साइनबोर्ड दाखवणारा माणूस कुठे उभा राहील, आणि बाहेर पडताना डाव्या की उजव्या बाजूची पांढरी रेघ ओलांडायची नाही, हे पायी पाहिलेलं लक्षात राहतं.

साइन-ऑन

इथे परवाना, आवश्यक असेल तिथे वैद्यकीय प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि प्रवेशिकेची पोच लागते. परवान्यावरचा वर्ग या शर्यतीला पुरतो ना, हे आधीच तपासलेलं असावं. प्रवेशिका संघाच्या नावाने असेल तर स्पर्धक म्हणून संघाचा परवाना आणि ड्रायव्हर म्हणून तुमचा, असे दोन लागू शकतात. इथे मिळालेला कागद किंवा मनगटी पट्टा बऱ्याच ठिकाणी तपासणीला दाखवावा लागतो. तेव्हा क्रम आधी साइन-ऑन, मग तपासणी असा धरा. उलटा असेल तर सूचनांमध्ये तसं लिहिलेलं असतं. पिट लेनमध्ये उभ्या राहणाऱ्या मदतनीसांच्या सह्याही याच वेळी होतात, त्यांना झोपेतून उठवून आणा.

तांत्रिक तपासणी

स्क्रुटिनियर, म्हणजे तपासणी अधिकारी, तुमची गाडी वेगवान आहे का हे बघत नाही. ती सुरक्षित आहे का आणि नियमात बसते का, एवढंच बघतो. त्याच्याकडे प्रत्येक गाडीसाठी मोजकी मिनिटं असतात. ती मिनिटं तुम्ही कशी वापरू देता यावर पुढची चर्चा ठरते. गाडी धुतलेली, क्रमांक चिकटवलेले, आतला सुटा पसारा काढलेला, बॉनेटच्या पिना सैल केलेल्या, आणि ड्रायव्हरचं सगळं सामान एका पेटीत. लॉगबुक आणि होमोलोगेशनचे (गाडीच्या अधिकृत मान्यतेचे) कागद वरच.

पेटीत काय असतं ते लेबलासकट बघितलं जातं. हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या संस्था दोन: स्नेल, आणि मोटार शर्यतींचा आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयए. हेल्मेटच्या आतलं लेबल स्नेल एसए२०२०, एफआयए ८८५९-२०१५ किंवा ८८६०-२०१८ अशा, त्या स्पर्धेने मान्य केलेल्या मानकाचं हवं. स्नेलचं ‘एम’ लेबल मोटरसायकलचं असतं. त्याच्या अस्तराची आगीची चाचणी झालेली नसते, म्हणून हेल्मेट नवंकोरं असलं तरी परत पाठवतात. मानेच्या संरक्षणाची, खांद्यांवर बसणारी हान्स कॉलर आणि हेल्मेटवरच्या तिच्या खुंट्या एफआयए ८८५८ मानकाच्या लागतात. सूटचं ८८५६ लेबल कॉलरवर शोधतात, आणि आतले कपडे, मोजे, बूट, ग्लव्हज यांनाही तोच प्रश्न विचारतात. अंगाला लागून नायलॉनचा टी-शर्ट चालत नाही; आगीत तो वितळून कातडीला चिकटतो. गळ्यातली धातूची साखळी आदल्या रात्रीच काढून ठेवा.

गाडीत सर्वांत जास्त नापास होतात ते हार्नेस, म्हणजे ड्रायव्हरला सीटला बांधणारे पट्टे. एफआयए ८८५३ मानकाच्या पट्ट्यांवर वैधतेचं शेवटचं वर्ष छापलेलं असतं आणि ते प्रत्येक पट्ट्यावर वाचलं जातं. एकच पट्टा बदललेला असेल तर वर्ष जुळत नाही आणि गोष्ट तिथेच उघडी पडते. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना आडव्या रेषेपासून खाली ४५ अंशांहून जास्त झुकू नयेत असा एफआयएच्या नियमावलीतल्या परिशिष्ट ‘जे’मधला नियम आहे, आणि १० अंशांच्या आत ठेवावेत अशी शिफारस. कारण साधं आहे. पट्टा जितका खाली ओढलेला, तितका धडकेच्या क्षणी तो मणक्याला वरून दाबतो. सीटलाही वय असतं: ८८५५-१९९९ मानकाची सीट उत्पादनाच्या वर्षापासून पाच वर्षं धरली जाते.

मग गाडीची सगळी वीज तोडणारा मुख्य कट-ऑफ स्विच. ही चाचणी इंजिन चालू ठेवून होते, आणि बरेच जण घरी ती इंजिन बंद असताना करतात, तिथेच फसतात. साधा दोन टर्मिनलचा स्विच बॅटरी तोडतो. पण इंजिन फिरत असेल तर अल्टरनेटर स्वतःच वीज पुरवत राहतो आणि गाडी सुखाने चालूच राहते. स्क्रुटिनियर स्विच फिरवतो, इंजिन तसंच घरघरतं, आणि यादीवर लाल खूण पडते. दोन जाड टर्मिनलांसोबत चार बारीक टर्मिनल असलेला स्विच लागतो. त्यातली एक जोडी इग्निशन तोडते, दुसरी अल्टरनेटरमध्ये उरलेली वीज रेझिस्टरमधून गाडीच्या सांगाड्याला (अर्थला) नेते. घरी इंजिन २,००० आरपीएमवर धरून स्विच फिरवा. इंजिन लगेच मेलं पाहिजे. बाहेरच्या दोरीने किंवा खिट्टीनेही हेच झालं पाहिजे. खिट्टीजवळ पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर. अग्निशामक प्रणालीच्या खिट्टीजवळ लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लाल ‘ई’, व्यास किमान १० सेंटिमीटर. ही दोन स्टिकर जादाची जवळ ठेवा, धुताना निघतात.

बाकीचं भराभर. बॅटरी हाताने हलता कामा नये आणि पॉझिटिव्ह टोकावर टोपी हवी. थ्रॉटल सोडताच झटकन बंद व्हावा. चाक वर आणि खाली धरून हलवलं की खटखट होता कामा नये. ब्रेक लाइट आणि पावसाळी दिवा लागायला हवा. टो हुक (गाडी ओढण्याची कडी) ठळक रंगात, बाणाने दाखवलेला आणि ओढला तर न वाकणारा. इंजिनाचा श्वास, म्हणजे तेलकट वाफ सोडणारी नळी, उघड्यावर सोडलेला नसून कॅच टँकमध्ये (तेल धरून ठेवणाऱ्या टाकीत) गेलेला हवा, आणि तो टँक रिकामा असावा. परिशिष्ट जे नुसार दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला दोन लिटरचा आणि त्याहून मोठ्याला तीन लिटरचा टँक लागतो.

आवाजाची चाचणी वेगळ्या कोपऱ्यात असू शकते. एक रूढ पद्धत अशी की मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात धरतात आणि इंजिन कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर स्थिर ठेवायला सांगतात. सायलेन्सरमधलं भरण जळून गेलेलं असेल तर आकडा वर जातो. मर्यादेच्या जेमतेम आत असाल तर जादाचं भरण किंवा लावता येणारं टोपण सोबत न्या.

काही नापास झालं तर वाद घालू नका. नेमका कोणता नियम, काय केलं तर चालेल आणि पुन्हा किती वाजेपर्यंत दाखवता येईल, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. पास झालात की स्टिकर लगेच, तिथेच, सांगितलेल्या जागी लावा. हेल्मेटवरचं स्टिकर विसरून परत जाणारे दर स्पर्धेत निघतात.

ट्रान्सपाँडर

तो जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या आत, उभा आणि खाली मोकळी दृष्टी राहील असा लावतात. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये धातू किंवा कार्बन फायबर आलं तर सिग्नल अडतो, फायबरग्लास चालतं. बॅटरीवर चालणारा असेल तर रात्रभर चार्ज करून सकाळी दिवा हिरवा लागतो का ते बघा. भाड्याने घेतलात तर तो कुणाकडे, किती वाजेपर्यंत परत द्यायचा ते आत्ताच लिहा. पहिल्या सत्रानंतर टायमिंगच्या पडद्यावर आपला क्रमांक दिसत नसेल तर शर्यतीपर्यंत थांबू नका, टायमिंगच्या खोलीत जा.

ब्रीफिंग

हजेरी सक्तीची असते आणि चुकल्यास दंड होतो. क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे स्पर्धा चालवणारा मुख्य अधिकारी, बोलत असताना ऐकायच्या गोष्टी मोजक्याच: सुरुवात थांबलेल्या गाड्यांनी की धावत्या, पिट लेनची मर्यादा, ट्रॅकच्या हद्दीची रेघ, सेफ्टी कारची पद्धत, लाल झेंडा पडून सत्र थांबल्यावर ग्रिडवर (शर्यत सुरू होते त्या रांगेत) यायचं की पिट लेनमध्ये, आणि शर्यत संपल्यावर कुठून आत यायचं. शेवटचे दोन मुद्दे त्या सर्किटपुरते बदलतात. ते ऐकले नाहीत तर गोंधळ सर्वांसमोर होतो.

सत्राची वेळ उलटी मोजायची

समजा क्वालिफाइंग १०:४० ला आहे आणि असेंब्ली एरियात २० मिनिटं आधी बोलावलंय. म्हणजे १०:२० ला फाटकाच्या आत. वाट पायी चार मिनिटांची, दुप्पट धरली तर आठ, म्हणून १०:१२ ला जागेवरून चाकं हलली पाहिजेत. हार्नेस ओढून घेणं, हान्स, हेल्मेट, ग्लव्हज, रेडिओची तपासणी, यांना सवय असली तरी सात मिनिटं. म्हणजे १०:०५ ला सीटवर. त्याआधी इंजिन तापवायला दहा मिनिटं, ९:५५. त्याआधी चाकांचे नट टॉर्क रेंचने, टायरची हवा, इंधन, बॉनेटच्या पिना, ९:४०. आणि सूट चढवण्याआधी स्वच्छतागृह, ९:३० ला. एकटेच असाल, मदतनीस नसेल, तर सगळी तयारी पंधरा मिनिटं आधी सुरू करा.

असा कागद प्रत्येक सत्रासाठी करून तंबूच्या पायावर चिकटवा. वेळापत्रक पुढे-मागे होतं, आणि उशीरच होईल असं समजून लोक निवांत बसतात. आधीच्या वर्गाच्या पाच गाड्या आल्याच नाहीत, शर्यत दोन फेऱ्यांनी कापली, की सगळं दहा मिनिटं लवकर येतं. पॅडॉकमधला स्पीकर तुमच्या जनरेटरच्या आवाजात ऐकू येतो का, हे सकाळीच बघून घ्या. आपल्या आधीचं सत्र कोणतं आणि त्याच्या गाड्या कधी ट्रॅकवर गेल्या यावर नजर ठेवणं, हा घड्याळापेक्षा भरवशाचा इशारा.

हवेबद्दल थोडं जास्त. दोन बार दाबाच्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. गाडी तासभर उन्हात उभी असेल तर उन्हाकडचे दोन टायर सावलीतल्यांपेक्षा सहज दहा अंशांनी गरम असतात. तशा अवस्थेत चारही चाकांत सारखा आकडा भरला तर ट्रॅकवर सगळे टायर तापल्यानंतर एका बाजूचा दाब कमी राहतो, आणि गाडी डाव्या-उजव्या वळणांत वेगळी वागते. टायर झाका किंवा गाडी सावलीत आणून मगच हवा भरा.

इंधन भरताना इंजिन बंद, ड्रायव्हर बाहेर, आणि एक माणूस अग्निशामक हातात धरून उभा. गॅरेजच्या आत इंधन भरायला किंवा साठवायला परवानगी आहे का, ते सर्किटचे नियम सांगतात. सत्रानंतर नमुना काढण्याइतकं इंधन टाकीत उरायला हवं, तेव्हा अगदी थेंबाचा हिशोब करू नका.

पॅडॉकमध्ये चालण्याच्या वेगाने जा. टायर गरम करायला गाडी नागमोडी चालवणं, ब्रेक दाबून बघणं, इंजिन उगाच घुमवणं, यांपैकी कशासाठीही थेट क्लार्ककडे बोलावणं येतं.

असेंब्ली एरिया आणि पिट लेन

असेंब्ली एरियात मार्शल (स्पर्धेचा कर्मचारी) रांग दाखवतो. शर्यतीत ती ग्रिडच्या क्रमाने असते, म्हणून आपली जागा आणि पुढच्या-शेजारच्या गाड्यांचे क्रमांक हाताच्या पाठीवर किंवा डॅशबोर्डच्या टेपवर लिहा. इथे पुन्हा एकदा स्टिकर, हार्नेस आणि खिडकीची जाळी बघतात. इंजिन बंद करायला सांगितलं तर रेडिएटरचा पंखा चालू राहू द्या, पण बॅटरीकडे लक्ष असू द्या. सुरू न झालेली गाडी ढकलून बाजूला काढतात आणि रांग पुढे जाते.

पिट लेनच्या टोकाला लाल दिवा असेल तर थांबा, हिरवा झाल्यावरच जा. लुकलुकणारा निळा दिवा म्हणजे ट्रॅकवरून गाड्या येताहेत. बाहेर पडताना रंगवलेली रेघ संपेपर्यंत तिच्या आत राहा.

पिट लेनची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ताशी ६० किलोमीटर असते, आणि रेसच्या गाडीत बहुधा स्पीडोमीटर नसतो. हिशोब घरी करून ठेवा. ६० म्हणजे सेकंदाला १६.६७ मीटर. टायरचा घेर १.८ मीटर असेल तर चाक मिनिटाला सुमारे ५५६ फेरे घेतं. दुसऱ्या गियरचं गुणोत्तर २.० आणि फायनल ड्राइव्हचं ४.१ असेल, तर इंजिन ५५६ गुणिले ८.२, म्हणजे जवळजवळ ४,५६० आरपीएमवर असतं. टॅकोमीटरच्या काचेवर ४,४०० ला टेपचा तुकडा लावा. रेघेच्या आधीच दुसरा गियर टाकून काटा टेपखाली आणायचा. रेघेवर ब्रेक लावणारे पुढची चाकं रेघेपलीकडे नेऊन बसतात.

पिट लेनमध्ये दोन वाटा असतात: पिट वॉलच्या बाजूची वेगाची, गॅरेजच्या बाजूची थांबण्याची. आपल्या गॅरेजसमोर वळेपर्यंत वेगाच्या वाटेत राहा. मागे जायचं असेल तर रिव्हर्स गियर वापरू नका, माणसांनी ढकलायचं. तुमचा क्रमांक आणि काळ्या झेंड्यावर नारिंगी वर्तुळ दिसलं तर गाडीत धोकादायक बिघाड आहे, पुढच्या फेरीला पिटमध्ये या. नुसता काळा झेंडा आणि क्रमांक म्हणजे सांगितलेल्या ठिकाणी, बहुधा क्लार्ककडे, हजर व्हा.

चौकटीच्या झेंड्यानंतर

झेंड्यानंतरची फेरी सावकाश, पण रेंगाळत नाही. त्यात ब्रेक आणि इंजिन थंड होतात. आत आल्यावर हँडब्रेक लावू नका. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी दाबून राहिले की तिथे थर बसतो आणि पुढच्या सत्रात ब्रेक थरथरतो. गियरमध्ये ठेवा किंवा चाकाला लाकडी ठोकळा लावा. गरम टायरची हवा मोजायची असेल तर गाडी थांबल्याबरोबर, पहिल्या मिनिटातच.

हे सगळं मात्र पार्क फर्मेत न बोलावल्यासच. मार्शलने हाताने त्या दिशेला वळवलं तर थेट तिथे जा, वाटेत आपल्या तंबूकडे डोकावूनसुद्धा बघू नका. वजनकाट्यावर ड्रायव्हरसकट वजन करणार असतील तर आधी पाणी पिणं, कुणाकडून काही घेणं किंवा गाडीतून काही काढणं टाळा. पार्क फर्मेत अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपासणी, दुरुस्ती, जुळवणी, काहीही करता येत नाही. ज्यांना तिथे काम नेमून दिलंय अशीच माणसं आत जातात. मदतनिसाने सवयीने टायर गेज लावला तरी निकाल जाऊ शकतो. इंजिन बंद, कट-ऑफ स्विच बंद, हार्नेस सीटवर, आणि बाहेर.

तुम्ही ट्रॅकवर बंद पडलात तर गाडी सत्र संपल्यावर ओढून आणतात आणि ती कुठे सोडतात ते सर्किटनुसार ठरतं. टो ट्रकवाल्याला पॅडॉकमधली आपली जागा सांगा, नाहीतर गाडी दुसऱ्या टोकाला मिळते. जोराची धडक बसली असेल तर बरं वाटत असलं तरी वैद्यकीय केंद्रात जाऊन या. डॉक्टरांची परवानगी नसेल तर पुढच्या सत्रात बसता येत नाही, आणि वाकलेली गाडी पुन्हा स्क्रुटिनियरला दाखवावी लागते.

निकालाचा कागद

तात्पुरता निकाल फलकावर लागतो आणि त्यावर वेळ लिहिलेली असते. त्या वेळेपासून घड्याळ सुरू होतं. एफआयएच्या क्रीडा संहितेप्रमाणे निकालाविरुद्धची तक्रार ३० मिनिटांत, लेखी, ठरलेल्या शुल्कासह द्यावी लागते. स्टुअर्डांच्या निर्णयावर अपील करायचं असेल तर तो इरादा निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून तासाभरात लेखी कळवायचा. म्हणून पोडियमवर नसलात तरी पहिली फेरी फलकाकडे. आपलं स्थान, फेऱ्यांची संख्या आणि दंडाचे सेकंद वाचा, कागदाचा फोटो काढा. फेरी कमी दिसली तर आधी टायमिंगवाल्यांशी शांतपणे बोला, पुष्कळ वेळा ट्रान्सपाँडरचाच घोळ निघतो. ते बोलणं चालू असतानाही ३० मिनिटांचं घड्याळ थांबत नाही, हे ध्यानात असू द्या. पार्क फर्मेतली गाडी साधारण हीच मुदत संपल्यावर, स्टुअर्डांनी सोडल्यावरच हाती येते, तेव्हा त्याआधी ट्रेलरचा उतार खाली लावून वाट अडवू नका.

निघताना भाड्याचा ट्रान्सपाँडर परत द्या आणि पावती घ्या. साइन-ऑनला परवाना ठेवून घेतला असेल तर तो खिशात आला का बघा. जुने टायर, तेल आणि ब्रेक फ्लुइडचे डबे सर्किटच्या साध्या कचऱ्यात टाकू नका. वेगळी टाकी दाखवलेली नसेल तर परत न्या. गाडी ट्रेलरवर चढवली की पट्टे ताणा, फाटकाबाहेर पहिल्या मोकळ्या जागेवर थांबून पुन्हा ताणा. गाडीचं सस्पेन्शन बसतं आणि पहिल्याच दोन-तीन किलोमीटरमध्ये पट्टे सैल पडतात.